शके की इसवी, हे टूलला कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एआयबद्दल तुमच्या पेपरात हल्ली रोज काही ना काही येतंय, चांगलंच आहे, पण एका गोष्टीवर कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून हे पत्र. मी कोल्हापुरात जुन्या दप्तरांचं स्कॅनिंग आणि इंडेक्सिंग करतो, म्हणजे रुमालात बांधलेले कागद सोडायचे, स्कॅन करायचे आणि एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रामला, ते शोधता येतील असे लावून द्यायचे. आता हा एजंट काय स्वतः कपाट उघडत नाही. त्याला टूल दिलेली असतात, एक शोधायचं, एक नवीन कागद जोडायचं, एक काढून टाकायचं, आणि कुठलं कधी वापरायचं हे तो त्या टूलच्या वर्णनावरनं ठरवतो. आतला कोड त्याला दिसतच नाही. नाव, वर्णन आणि कुठल्या रकान्यात काय भरायचं, एवढंच त्याच्यासमोर असतंय. अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये एआयला अशी टूल जोडून द्यायची एमसीपी नावाची पद्धत सगळ्यांसाठी खुली केली, तिच्यातही हेच आहे.

एका संस्थेच्या कामात शोधायच्या टूलचं वर्णन होतं 'दस्तऐवज शोधतो', आणि खाली एक रकाना, 'वर्ष'. बस्स. शिरोळकडनं एक आजोबा आले, पणजोबांच्या नावाचा १९०२ चा कागद पाहिजे होता, एजंटनं वर्षात १९०२ घातलं, टूलनं रिकामी यादी परत दिली आणि एजंटनं सांगून टाकलं की असा कागद दप्तरात नाही. आजोबा पिशवी उचलून निघून गेले. कागद होता हो! त्याच्यावर शके १८२४ लिहिलेलं आणि इंडेक्स करताना आम्ही कागदावर आहे तेच साल घेतलेलं, आणि शके १८२४ म्हणजेच इसवी १९०२-०३. ज्या साली शाहू महाराजांनी ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला त्याच सालचा कागद, आणि माणसाला सांगितलं काय तर नाही म्हणून. दोन दिवसांनी मी रुमाल सोडून हातानं तो काढला, आजोबांना फोन केला, भर उन्हात ते एसटीनं दुसऱ्यांदा आले, मला फार वाईट वाटलं.

मग वर्णन बदललं. आता ते असं आहे: 'या दप्तरातले आधी इंडेक्स झालेले कागद शोधतो, नवीन कागद जोडत नाही. साल शके मध्ये द्या. इसवी साल माहीत असेल तर त्यातनं ७८ वजा करा, तारीख जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीची असेल तर ७९. एका वेळी जास्तीत जास्त १० कागद येतात. काहीच आलं नाही तर कागद नाही असं सांगू नका, मागचं पुढचं साल बघा, आणि मोडीतले जे रुमाल अजून वाचून झाले नाहीत ते यात नाहीत हे विचारणाऱ्याला सांगा.' रकान्याचं नाव पण 'वर्ष' होतं ते 'शके वर्ष' केलं. कोडची एक ओळ बदलली नाही, तरी तोच प्रश्न परत विचारल्यावर एजंटनं १८२४ घालून कागद काढून दिला.

जोडायच्या टूलचं पण तसंच. 'फाइल जोडतो' एवढंच लिहिलेलं, तीच फाइल परत दिली तर जुनी बदलते का दुसरी प्रत तयार होते हे कुठंच नव्हतं, आणि एजंट रोज रात्री सगळं फोल्डर नव्यानं जोडत बसला. एकच ठराव तीन तीनदा यायला लागला, आणि यायचेच मुळात १० कागद, मग बाकीचे गेले मागं. नुसता फोटो असलेल्या पीडीएफला आधी ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्राम, लागतो, आणि आमचा ओसीआर देवनागरीचा आहे, मोडी त्याला वाचता येत नाही, ते मोडी जाणकाराकडनं वाचून टाईप करून घ्यावं लागतं, हे सुद्धा तिथं लिहायला पाहिजे होतं.

माझं म्हणणं असं की ही चार वाक्यं एकट्या प्रोग्रामरनं लिहायची नाहीत. त्याला रकाना माहीत असतो, दप्तर माहीत नसतंय. वीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढलेल्या कारकुनाला विचारा, कुठल्या कागदावर शके, कुठल्यावर फसली (महसुली साल), कुठल्या गावाचं नाव बदललंय, तो बसल्या जागी सांगतो. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी त्याला जे सांगतो तेच इथं लिहायचं असतंय. आणि मी बघितलेल्या टेंडरात स्कॅनर किती डीपीआयचा पाहिजे हे असतंय, टूलच्या वर्णनाचा शब्द नसतो.

म्हणून जिल्ह्यातल्या ज्या ज्या संस्था, वाचनालयं, पतसंस्था आपली कागदपत्रं एआयला जोडायला निघाल्यात त्यांना तुमच्या पेपरातनं विनंती, काम देताना प्रत्येक टूलचं वर्णन मराठीत मागून घ्या आणि आपल्या रेकॉर्डच्या माणसाला वाचायला द्या. त्यानं एखाद्या ओळीवर बोट ठेवून 'हे आमच्याकडं असं नसतंय' म्हटलं, तर ती ओळ बदलून घ्या आणि मगच बिल द्या.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर