माझ्या मयताचं काय करायचं ते

प्रिय डॉमनिक बाळा,

रविवारी मी फोनवर विषय काढला तर तू 'आई असलं काही बोलू नको गं' म्हणून नेटवर्कचं कारण सांगून फोन ठेवलास, म्हणून आता लिहूनच पाठवते, मार्थालापण एक कॉपी दे. मला काही झालेलं नाहीये, शुगर कंट्रोलमध्ये आहे, पण पंचाहत्तरी झाली आणि पावसाळ्यापासून आपल्या आळीत एवढी मयतं झाली की कुणाच्या घरी काय गोंधळ उडतो ते सगळं जवळून बघितलं.

पहिली गोष्ट, तुझ्यासाठी मला बर्फात ठेवायचं नाही. एका घरात मुलगा परदेशात होता, कधी तिकीट मिळेना कधी फ्लाइट चुकली, बॉडी इतके दिवस शवागारात आणि म्हातारा नवरा भेटायला येणाऱ्याला रोज 'उद्या, उद्या' सांगतोय, जेवण नाही झोप नाही. तुला कॅनडातून वसईत पोचायला सगळं धरून दोन दिवस लागणारच. मार्था आहे, आळीतली माणसं आहेत, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सेची उपासना आणि दफन उरकून घ्यायचं. तू सातव्या दिवसाच्या मिस्सेला ये, नाही जमलं तर महिन्याच्या मिस्सेला ये, मिस्सा ती मिस्साच. कुणीतरी मोबाईल स्टँडवर लावून तुला दाखवेल तेवढं चालेल, पण फोटोग्राफर अल्तारापर्यंत, वेदीपर्यंत चढलेला मला नको.

मी गेले की आधी डॉक्टर, मग लगेच नेत्रपेढीला फोन, सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, शुगरवाल्यांचेपण चालतात मी विचारलंय. पंखा बंद करायचा आणि पापण्यांवर ओला कापूस. मग फादर. लोक हल्ली आधी फ्लेक्सवाल्याला फोन करतात, वेळ टाकून बॅनर छापून मोकळे आणि मग फादर म्हणतात त्या वेळेला चर्चमध्ये लग्न आहे! वेळ फादरच ठरवणार. आणि ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात गुरुवार ते शनिवार दफन आलं तर मयताची मिस्सा होत नाही, नाताळच्या आधीचा आगमनकाळ, ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ आणि ईस्टरचा काळ यांतल्या रविवारीपण नाही, तेव्हा नुसती प्रार्थना करून दफन करतात आणि मिस्सा नंतर ठेवतात, त्यावरून फादरशी वाद घालत बसू नका. उपवासकाळात आलेलुयाचं गाणंपण नसतं, कॉयरला माहीत असतं, तुझ्या मामाला सांगून ठेव.

घरी गेले तर महानगरपालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद तुम्हालाच करावी लागेल, हॉस्पिटलमध्ये गेले तर ते करतात. पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या रजिस्टरमधली नोंद वेगळी असते.

मिस्सेत पहिलं वाचन मार्थाच्या मुलीने करायचं, तिचं मराठी स्पष्ट आहे. बायबलमधलं स्तोत्र २३ वं, सुवार्ता योहान १४ मधली, फादरना चालली तर. प्रवचनात माझं कौतुक नको, तसा नियमच आहे, प्रवचन देवाच्या वचनावर असतं. कुणाला बोलायचंच असेल तर कम्युनियननंतर एकाने, दोन मिनिटं. नगरसेवकाच्या हातात माईक देऊ नका, तो मेलेल्या माणसाबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोलतो.

माझ्या लहानपणी मयताची मिस्सा लॅटिनमध्ये असायची, फादरचा झगा काळा, आम्हाला एक अक्षर कळायचं नाही नुसती भीती वाटायची. व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आलं आणि आता शवपेटीजवळ पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात, पवित्र पाणी शिंपडतात ते बाप्तिस्म्याची आठवण म्हणून. मला हे आत्ताचंच आवडतं.

मागे तू विद्युतदाहिनीचं म्हणाला होतास. चर्चने १९६३ पासून त्याला परवानगी दिलीये, पण राख घरात ठेवायची किंवा समुद्रात सोडायची नाही, रोमने २०१६ मध्ये परत तेच सांगितलं, म्हणजे शेवटी सिमेट्रीतच जागा बघायची. मग मला मातीच बरी. जमलं तर बाबांच्याच कबरेत, ती उघडता येते का ते ऑफिसमध्ये विचारायला मार्थाला सांगितलंय. पॉलिश केलेली महाग पेटी नको, जाड लाकूड लवकर कुजत नाही आणि जागा कमी असल्यामुळे पुढच्या माणसासाठी तीच कबर परत खणायची असते. फादर हो म्हणाले तर नुसत्या पांढऱ्या चादरीत ठेवा. हार विकत आणू नका, वाडीत मोगरा असेल तर मोगरा, नाहीतर जे फुललं असेल ते. खणणाऱ्या पोरांना पैसे हातात द्या आणि आधी चहा, लोक नेमकं तेच विसरतात.

कपाटात निळी फाइल आहे, त्यात बँकेचं, मिस्सांसाठी वेगळे काढलेले पैसे आणि बाप्तिस्म्याचा दाखला. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं आहे, त्यावरून पालिकेत अडवतील म्हणून दोन्हीची झेरॉक्स जोडलीये. फोटो मी निवडून ठेवलाय, तुझ्या लग्नातला नाही, त्यात केस कसेतरीच दिसतात.

आणि ईस्टरला मुलांना घेऊन येणार म्हणालास ना, मग तिकीट आत्ताच बघ, नंतर भाडी वाढतात. मुलांना नुसतं इंग्लिश येतं म्हणून मार्था चिडते, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, मी बोलेन त्यांच्याशी.

तुझी,
आई