पालक गटासाठी सूचना : दप्तरातला 'पेनड्राइव्ह' एकदा हुंगून बघा

सर्व पालकांना नमस्कार. रविवारी सकाळी दहा वाजता गल्लीतल्या मंदिराच्या सभागृहात बैठक आहे. विषय एकच, व्हेप, म्हणजे ई-सिगारेट.

गेल्या आठवड्यात आमच्या पुतण्याच्या कंपासपेटीत एक निळी कांडी सापडली. मी पेनड्राइव्ह समजून बाजूला ठेवणार होतो, पण तिला पिकल्या आंब्याचा वास! टोकाला चार्जिंगचं भोक. "मित्राची आहे, काका," हे उत्तर ठरलेलंच.

"तिकडे महाराष्ट्रात चंदगडला चालतं, गोव्यात मिळतं" असं पोरं सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. कर्नाटकाने 2016 मध्येच बंदी घातली होती आणि 2019 चा केंद्राचा कायदा तर राज्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. विक्री, जाहिरात, ऑनलाइन धंदा सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 15 वयाची 8.5 टक्के मुलं कुठला ना कुठला तंबाखू वापरताना आढळली. म्हणजे आठवी-नववीची पोरं!

मुलांना मारझोड नको, आधी विचारा. कोणत्या दुकानात मिळतं ते कळलं तर गटावर नाव टाकू नका, बैठकीत सांगा. चहा आहे.