'जाईन'चं इंग्रजी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. नातवाशी इंग्रजीत बोलता यावं म्हणून साठीनंतर वही-पेन घेऊन बसलास, शाबास! 'भविष्यकाळाचा तक्ता पाठ होतो, पण बोलायला गेलं की ततपप होतं' असं लिहिलंयस. तो तक्ता आधी मिटून ठेव.

इंग्रजीत 'जाईन'सारखं रूपच नाही रे. 'गो' आहे तसंच राहतं आणि 'विल' मदतीला येतं. 'विल'चा मूळ अर्थ 'इच्छिणे', म्हणून तर इच्छापत्रालाही विल म्हणतात. 'आय'ला शॅल आणि इतरांना विल, हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात मांडला. त्यापायी आपण आठवीत छड्या खाल्ल्या! आता बोलण्यात शॅल ऐकू येतो तो बहुतेक 'चहा करू का?' यातल्या 'करू का'साठी. शॅल आय मेक टी?

बाकीचं तुझ्या कानात आधीपासूनच आहे. इतकी वर्षं स्टँडवर कंट्रोलर होतास. 'उद्या सातारा गाडी सहाला सुटते' म्हणायचास, 'सुटेल' नाही. वेळापत्रकाचं इंग्रजीतही तसंच: द बस लीव्ह्ज ॲट सिक्स. डॉक्टरची वेळ घेतली असेल तर आपण 'उद्या डॉक्टरकडे जातोय' म्हणतो, तेही म्हणतात: आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो. नुसतं मनात घेतलं असेल तर 'जाणार आहे', म्हणजे गोइंग टू. आभाळ काळंभोर झालं की आपण 'पाऊस येणार' म्हणतो, तिथेही गोइंग टूच.

मराठी दगा देते ती दोन ठिकाणी. एकदा एका परदेशी पाहुण्याला टपरीवर चहा पाजला. पैसे द्यायला त्याने पाकीट काढलं, तसा मी त्याचा हात धरून 'आय गिव्ह, आय गिव्ह!' 'मी देतो'चं सरळ भाषांतर. तो बिचारा, मी काय देतोय म्हणून माझ्या हाताकडे बघत राहिला. त्या क्षणी ठरवून बोलतो तिथे आपण 'देतो, उघडतो, आणतो' म्हणतो, त्यांना विल लागतं: आय विल पे. दाराची बेल वाजली की जावई 'आय'ल गेट इट' म्हणेल, तो 'थांबा, मी बघतो' म्हणतोय असं समज.

दुसरी जागा 'जेव्हा'ची. 'तू येशील तेव्हा सांगेन' यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ घालतो, म्हणून 'व्हेन यू विल कम' तोंडातून निसटतं. व्हेननंतर विल नको: व्हेन यू कम, आय विल टेल यू. मनातल्या मनात 'येशील तेव्हा' सोडून 'आलास की' म्हण, आपोआप विल गळून पडेल. इफचंही तेच. 'पाऊस आला तर' म्हणतो ना आपण? इफ इट रेन्स.

आणि निघताना 'येतो'चं 'आय कम' करू नकोस, नातू दारातच वाट बघत बसेल!

विमानाची तारीख कळव, पण इंग्रजीत. कुठलं रूप वापरतोस ते बघतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंता