स्तंभावरची नावे वाचली का?

महोदय,

१ जानेवारी जवळ आली की नगर रस्त्यावरच्या वाहतूक बदलाची बातमी येते आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेरण्याच्या जयस्तंभावरून, म्हणजे कंपनी आणि पेशवे यांच्यातल्या १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईच्या स्मारकावरून जुंपते. एकाला तो कंपनी सरकारच्या विजयाची खूण वाटतो, दुसऱ्याला पेशवाईतल्या अस्पृश्यतेला दिलेले उत्तर. इंग्रजांनी तो उभारला स्वतःच्या कौतुकासाठी, हे खरेच. पण १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि त्याच दगडाला वेगळा अर्थ आला, हेही तितकेच खरे. २०१८ मध्ये याच दिवशी दंगलीत एका तरुणाचा जीव गेला.

गेल्या वर्षी मुद्दाम आडवारी तिथे गेलो. कंपनीच्या फौजेतल्या महार सैनिकांची, ‘नाक’ने संपणारी नावे एकेक करून वाचली. शेजारी एक आजोबा नातवाला बोटाने तीच नावे दाखवत होते. आमच्यात बोलणे झाले ते एवढेच : “ऊन फार आहे.”

घोरपडीजवळचे राष्ट्रीय युद्धस्मारक १९९८ मध्ये लोकवर्गणीतून उभे राहिले. त्यावरून कोणी भांडत नाही. (तिथे आपण विमानापुढे सेल्फी काढतो, नावे तिथेही वाचत नाही.)

कोरेगावला पेशव्यांच्या बाजूने मराठे, अरब, गोसावी लढले. त्यांच्यातल्या पडलेल्यांची नावे मला तिथे कुठेच दिसली नाहीत.

– एक निवृत्त शिक्षक, येरवडा, पुणे