शाळेची एक भिंत वेलीसाठी सोडा

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका,
इंद्रभुवन, सोलापूर

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे.

माझ्या वर्गाच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर मधुमालती होती. पारा ४४ अंशांवर गेला की शेजारच्या वर्गाची भिंत हाताला भाजायची, पण आमच्या भिंतीला मुलं गाल टेकवून बसायची. वेलीची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात, मग लाल. जवळ राहणारी चार मुलं बॅटरी घेऊन अंधारात आली, तेव्हा पांढऱ्या फुलांवर लांब सोंडेचे पतंग दिसले. दिवसा त्याच वेलीवर मधमाश्या. फुलांचा रंग का बदलत असेल, यावर वर्गात आठवडाभर वाद चालला. परिसर अभ्यासाचा तेवढा चांगला तास मी कधी घेतला नव्हता.

मेच्या सुट्टीत रंगकाम निघालं आणि वेल बुडापासून तोडली गेली. जूनमध्ये मुलं आली तेव्हा बुलबुलाचं घरटं रंगाच्या रिकाम्या डब्यांजवळ पडलं होतं. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

माझी विनंती साधी आहे. मनपाच्या प्रत्येक शाळेत उन्हाची एक भिंत वेलीसाठी राखा, आणि रंगकामाच्या निविदेत 'वेल तोडू नये' एवढी अट घाला. वेलीने भिंत खराब होते, असं अभियंते म्हणतील. पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीत रुजणारा पिंपळ तडे पाडतो, तो लहान असतानाच काढायला हवा. पण भिंतीपासून वीतभर अंतरावर तारा ताणल्या तर कारल्याची किंवा तोंडलीची वेल गिलाव्याला शिवतही नाही. हा फरक मुलांनाही दाखवता येतो.

"बाई, वेलीला डोळे नाहीत, मग तार कशी सापडली?" असं एका मुलीने विचारलं होतं. कारल्याचा ताणा, म्हणजे आधार धरणारा बारीक तंतू, हवेत गोल फिरत राहतो आणि तारेला लागला की विळखा घालतो. मग त्याची स्प्रिंग होते. अर्धी एका दिशेने पिळलेली, अर्धी उलट. मुलांना तो उलट पीळ स्वतः शोधू द्यावा, आधी सांगू नये. कृष्णकमळ लावलं तर टॉनी कोस्टर फुलपाखराच्या काटेरी अळ्या पानं खाताना दिसतील. तिथे औषध मारायचं नाही, एवढं मात्र शिपायांना बजावून ठेवावं लागेल.

आपल्या शाळांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुलं आहेत. आमची तोंडली कन्नडमध्ये तोंडेकाई, तेलुगूत दोंडकाया. एकाच वेलीखाली ही नावं जमतील, ती पाटीवर लिहावीत.

नळाला रोज पाणी येत नाही, हे मी जाणते. मुलांच्या बाटल्यांत सुटताना उरलेलं पाणी एका बादलीत ओतलं तरी दोन वेली जगतात. आम्ही तसंच जगवत होतो.

पहिल्या शाळेत तारा ताणायला मी स्वतः येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर