मोठा ड्रोन पकडला, छोटा निसटला

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

धरणं, वीज केंद्रं, दारूगोळ्याचे डेपो यांना ड्रोनपासून धोका आहे म्हणून बंदोबस्त वाढवून राहिले अशा बातम्या आजकाल येतात, त्यावर आमच्यासारख्या अशाच एका ठिकाणाच्या कंपाउंडला लागून वावर असलेल्या माणसालाही दोन शब्द लिहावेसे वाटले.

धोका खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. 27 जून 2021 ला जम्मूच्या एअरफोर्स स्टेशनवर ड्रोनमधून दोन बॉम्ब टाकले गेले. आमच्याकडे पारावर लोक म्हणतात की आपण देशाच्या मधोमध, बॉर्डर कुठं अन् आपण कुठं. पण 1 जून 2025 ला युक्रेनने काय केलं, ड्रोन लाकडी खोक्यात लपवून ट्रकने रशियाच्या पार आत नेले आणि विमानतळाजवळ जाऊन ट्रकचं छत उघडून तिथूनच उडवले, त्यातला एक तळ तर युक्रेनपासून चार हजार किलोमीटरवर होता. म्हणजे लांब असण्याचा भरवसा संपला. आणि आपल्या भागात काय कमी आहे, पुलगावचा डेपो, भंडारा-भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, चंद्रपूर-कोराडीची वीज केंद्रं, गोसीखुर्दचं धरण. 31 मे 2016 च्या पहाटे पुलगाव डेपोत आग लागली (तिचा ड्रोनशी काही संबंध नव्हता) तर पंधराच्या वर जीव गेले आणि आजूबाजूची गावं रातोरात खाली करावी लागली. अशा जागेवर एक ठिणगीसुद्धा नको, हे आम्हाले कोणी शिकवायची गरज नाही.

आता आमच्या गावचं सांगतो. गावाजवळ एक सरकारी ठिकाण आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात कॅमेरावाल्या पोट्ट्याने मुठीत मावेल एवढा ड्रोन उडवला, तो मंडपावरून सरळ कंपाउंडच्या आत जाऊन आला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. डीजेच्या आवाजात काय ऐकू येणार म्हणा. नंतर त्याची रील गावभर फिरली, त्यात आतले रस्ते, गेट, लाइटचे खांब सगळं मोजून घ्यावं इतकं साफ!

आणि पुढं सप्टेंबरात आमच्या शेजाऱ्याचा पोरगा पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणीचा ड्रोन घेऊन उतरला. दहा लिटरची टाकी, सहा पंखे, आवाज असा की बैल बुजतात, धुऱ्यावर दोन बाया आणि मी उभे. गार्डने शिट्टी मारली, बॅटऱ्या काढून घेतल्या आणि पोराला ठाण्यात नेऊन बसवलं ते दिवेलागणीपर्यंत. डिजिटल स्काय नावाच्या सरकारी साइटवर हिरवा, पिवळा, लाल झोन दिसतो, लाल असंल तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, हा 2021 चा नियम त्या पोराला पाठ होता. पण ठाण्यात ना तो नकाशा कोणी पाहिलेला, ना रेंज. टाकीत कालवलेलं औषध तसंच पडून राहिलं, शेवटी फेकावं लागलं.

राग कोणावर नाही, गार्डचं ते कामच आहे. पण पकडला तो दिसणारा, आवाज करणारा, ज्याला सरकारच सबसिडी देऊन राहिलं. ज्याची भीती बाळगायची तो निसटून गेला.

लोकांना वाटते की जॅमर लावला की झालं. जॅमरने सिग्नल तुटला तर कोणता ड्रोन तिथंच उतरते, कोणता आपल्या मालकाकडं परत जाते, जशी सेटिंग असंल तसं. डेपोच्या डोक्यावर पाडला तर तो पडणार कुठं, आतच ना! आणि युक्रेनच्या लढाईत तर नायलॉन मांजासारखा बारीक फायबरचा धागा सोडत जाणारे ड्रोन निघाले, त्यांना सिग्नलच लागत नाही मग जॅम काय करणार. रडारलाही खाली उडणारा छोटा ड्रोन अन् घार यातला फरक पटकन कळत नाही म्हणतात. नागपूरची एक कंपनी त्यावर 'भार्गवास्त्र' नावाचं ड्रोन पाडायचं यंत्र बनवून राहिली, मे 2025 मध्ये ओडिशात गोपाळपूरला त्याची चाचणीही झाली, अभिमान आहेच. पण असं यंत्र प्रत्येक धरणावर थोडंच बसणार आहे.

तवरक निदान एवढं तरी करा. लाल झोनची हद्द मराठीत काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, कोणत्या गट नंबरपर्यंत उडवायचं नाही ते लिहा. अनोळखी ड्रोन दिसला तर फोन कोणाला करायचा तो एकच नंबर पोलीस पाटील आणि कोतवालाकडं असू द्या. रात्री पाणी ओलायला आम्हीच वावरात असतो, आकाशात नवीन लाइट दिसला तर पहिले आम्हालेच दिसणार. आणि फवारणीवाल्यांना तारीख-वेळ गेटवर कळवून काम करायची सोय द्या, म्हणजे गार्डलाही ठाऊक राहील की आजचा आवाज कशाचा. त्या ठिकाणच्या फाटकावर अजून 'फोटो काढण्यास सक्त मनाई' एवढीच पाटी आहे, तीही अर्धी गंजलेली. ड्रोनचा उल्लेखच नाही.

2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, ते कोणी विसरलं नाही. त्या पोराने ड्रोन घेतला तो त्याच भीतीने. आता कंपाउंडकडची आठ तासं (पिकाच्या ओळी) तो पाठीवर पंप घेऊनच फवारते, तोंडाला दुपट्टा बांधून.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ