जोडाची रेघ

मेलबर्न,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंस हे वहिनींनी फोनवर आधीच सांगितलं होतं, त्यामुळे ‘रोज पर्वती चढतो’ ही तुझी थाप काही चालली नाही. उरकून टाक रे एकदा.

आज तुझी आठवण आली ती मात्र धंद्यापायी. इथे कॅम्बरवेलला दर रविवारी पार्किंगच्या मैदानात जुना बाजार भरतो. आपल्या मंगळवार पेठेतल्यासारखाच, फक्त घासाघीस करणाऱ्याकडे लोक जरा दयेने बघतात. मागच्या महिन्यात तिथे एका म्हातारीच्या टेबलावर जुन्या सचित्र वर्तमानपत्रांची सुटी पानं गठ्ठ्याने पडली होती. त्यातलं एक मी वीस डॉलरला उचललं. चित्र साधंच आहे. झाडाच्या सालींचं छप्पर असलेली झोपडी, दारात एक बाई, ओंडक्यावर बसून पत्र वाचणारा दाढीवाला, त्याच्या पायाशी कुत्रा. उजव्या टोकाला कुंपणापलीकडे भाला टेकून उभा असलेला इथला मूळ माणूस. कुत्र्याचे कान, मिशा, सगळं नीट आहे. या माणसाला तोंडच नाही, नुसत्या आडव्या रेघा.

घरी आणून भिंगाखाली धरलं तर चित्राच्या मधून वरून खाली केसाएवढी पांढरी रेघ गेलेली. आभाळातून निघून, छपरातून, बाईच्या खांद्यावरून थेट जमिनीपर्यंत. घडी असेल म्हणून मागून बोट फिरवलं. घडी नव्हती. थोड्या अंतरावर तशीच दुसरी, मग एक आडवी. तू तुझ्या दुकानात छपाईचे जस्ताचे ब्लॉक उन्हाकडे तिरके धरून बघायचास, तसा मी तो कागद खिडकीत धरून उभा, आणि नात विचारतेय, आजोबा, त्यात काय हरवलंय?

तू जस्तातला माणूस, म्हणून लाकडाचं सांगतो. अशी चित्रं छापायचे ठसे बॉक्सवुड नावाच्या झाडाच्या लाकडावर कोरायचे, तेही खोडाच्या आडव्या कापावर, म्हणजे कोरणी कुठेही वळवली तरी तंतू उचकटत नाहीत. पण ते झाड वाढतं मुंगीच्या पावलाने, खोड जेमतेम तळहाताएवढं रुंद. मग पानभर चित्राला लाकूड आणायचं कुठून? तर लहान लहान तुकडे मागून बोल्टने आवळून एक मोठा ठोकळा करायचे. त्यावर पांढऱ्या रंगाचा हात देऊन चित्रकाराने चित्र काढायचं. ते झालं की बोल्ट सोडून एकेक तुकडा वेगळ्या कारागिराला. एकाने आभाळ कोरायचं, एकाने झाडं, आणि चेहरे सगळ्यात पक्क्या हाताच्या माणसाने. रातोरात काम झालं की पुन्हा बोल्ट आवळायचे आणि मुख्य कारागिराने जोडावरच्या रेघा एकमेकींना मिळवायच्या. घाई झाली, किंवा ठोकळा थोडा सुकून आकसला, की जोड उघडा पडतो आणि छापताना तिथे पांढरी रेघ उमटते.

ठोकळ्याची उंची अक्षरांच्या खिळ्यांइतकीच, म्हणून मजकूर आणि चित्र छपाईच्या एकाच चौकटीत, म्हणजे फर्म्यात, एकाच दाबात निघायचं. तांब्याच्या पत्र्याला ते जमत नव्हतं. 1842 मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ला दर आठवड्याला पानंच्या पानं चित्रं देता आली ती या लाकडाच्या जिवावर. इकडची स्केचं बोटीने लंडनला जायची आणि तिथे ज्याने निलगिरीचं झाड जन्मात पाहिलं नाही तो ते कोरायचा. मग झाड व्हायचं ओकसारखं गोल, गुबगुबीत. त्यातून माझ्या पानाला पुढे कोणीतरी हाताने रंग दिलाय आणि गवत हिरवंगार केलंय. मेलबर्नच्या उन्हाळ्यात हिरवं गवत! इथे डिसेंबरात सगळं पोळीच्या करपलेल्या कडेसारखं दिसतं.

हा नाद लागल्यावर ‘ट्रोव्ह’वर जाऊन बसलो. इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं तिथे फुकट वाचायला ठेवली आहेत. रात्रीचे दोन वाजले तरी सुचत नाही, तुझी मालू फोनवर विचारते काका जेवलात का. तिथे मेलबर्नच्या एका मासिक पत्राचं नाव सापडलं आणि मी खुर्चीत मागे टेकलो. ‘इलस्ट्रेटेड ऑस्ट्रेलियन न्यूज फॉर होम रीडर्स’. 1867 ते 1875 या नावाने निघत होतं. म्हणजे छापायचं इथे, पण ‘घरच्या वाचकांसाठी’, आणि घर म्हणजे इंग्लंड. टपालाची बोट सुटायच्या बेताने अंक काढायचा. तिकडे लिव्हरपूलला कोणाच्या आईने तो उघडून म्हणायचं, बरं चाललंय हो पोराचं.

तुला 1996 चा माझा फोटो आठवतोय? लाल गाडीला टेकून उभा, मागे कौलारू बंगला. तू तो फ्रेम करून दुकानात गल्ल्यावर लावला होतास. गाडी घरमालकाची होती. मी मागच्या खोलीत राहायचो आणि रात्री फळांच्या गोदामात पेट्या भरायचो. फोटोत माझ्या उजव्या हाताला एक व्हिएतनामी सोबती होता. गोदामातलं काम त्यानेच मिळवून दिलं होतं, पहिले दोन महिने भातही त्याच्याच भांड्यात शिजायचा. पाठवण्याआधी मी फोटोची ती बाजू कात्रीने कापली. आईने विचारलं असतं, हा कोण, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं.

हे लिहिताना बर्क आणि विल्स हे इथले जुने शोधप्रवासी डोक्यात आहेत, ते सांगतो. 20 ऑगस्ट 1860 ला मेलबर्नच्या रॉयल पार्कातून मोहीम निघाली. 19 माणसं, 26 उंट, 23 घोडे, सामान म्हणाल तर वीस टनांच्या घरात. खंड दक्षिणेकडून उत्तरेला ओलांडायचा होता. बरेचसे उंट कराचीहून बोटीने आणलेले, त्यांच्याबरोबर आपल्याकडचे उंटवाले. त्यातला दोस्त महंमद पुढे मेनिंडीला उंट चावून हाताने अधू झाला आणि तिथेच राहिला. त्याची कबरही तिथेच. बरोबर लुडविग बेकर नावाचा जर्मन चित्रकार होता, बावन्न वर्षांचा. बर्कने त्याला उंटांवरचं ओझं चढवायला-उतरवायला आणि पायी चालायला लावलं, तर तो दिवसभर राबून रात्री चित्रं काढायचा. सरडे, क्षितिजावरचं मृगजळ, बारीकशा ब्रशाने. एप्रिल 1861 मध्ये वाटेतच गेला. त्याची चित्रं इथल्या स्टेट लायब्ररीत आहेत. खोट्या हिरव्या गवताचं एक पातं त्यांत नाही.

बर्क, विल्स, किंग आणि ग्रे असे चौघे उत्तरेच्या खाडीपर्यंत पोचले. परतताना ग्रे मेला. 21 एप्रिलच्या संध्याकाळी उरलेले तिघे कूपर क्रीक नदीकाठच्या आपल्या तळावर आले तर तळ रिकामा. त्यांची वाट बघत चार महिने थांबलेली माणसं त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती! झाडावर ‘खणा’ अशी खूण, खाली पुरलेलं थोडं अन्न. बर्क आणि विल्स तिथल्याच परिसरात गेले. किंग तेवढा वाचला, कारण त्या नदीकाठच्या यांद्रुवांद्रा या मूळ रहिवाशांनी त्याला अडीच-एक महिने आपल्यात ठेवून घेतलं, मासे दिले, खोपट दिलं. 15 सप्टेंबरला शोध घेणारी तुकडी पोचली तेव्हा तो त्यांच्यातच होता.

आता त्या काळी छापलेली चित्रं बघ. मोहिमेचं वाजतगाजत निघणं आहे. रिकामा तळ आहे. हातात पिस्तूल घेऊन मरणारा बर्क तर किती हातांनी काढला. किंगला जेवू घालणारी बाई मात्र मला अजून दिसली नाही. दिसलेच तर ते लोक दूर, झाडाआड, माझ्या पानावरच्या कुंपणापलीकडच्या माणसासारखे. मला नाही वाटत कोरणाऱ्याने मुद्दाम केलं. घरच्या वाचकांना काय हवंय हे संपादकाला ठाऊक होतं, आणि कडेचा तुकडा बहुधा शिकाऊ पोराच्या वाट्याला यायचा.

उलट बाजूचंही एक आहे. टॉमी मॅकरे म्हणून मरे नदीच्या काठचा एक मूळ रहिवासी होता. तो शाईने वहीत चित्रं काढायचा. काळ्या आकृत्या, नाचणाऱ्या, शिकार करणाऱ्या, आणि उंच टोप्या घातलेले गोरे जमीनदारही. 1896 मध्ये लंडनला निघालेल्या इथल्या दंतकथांच्या पुस्तकात त्याची चित्रं छापली. नाव छापलं नाही. ‘स्थानिक चित्रकार’ एवढंच.

माझ्या पानाची एक दुर्दशा मात्र झाली. फ्रेम करायला दिलं तर फ्रेमवाल्याने बसत नाही म्हणून वरची पट्टी उडवली, तारीख आणि अंकाच्या नावासकट. मी बोंबललो तर म्हणतो, चित्राला काही धक्का नाही ना लागला? तुझ्या दुकानात असा पोरगा असता तर तू त्याला दिवसभर खिळे वेचायला बसवलं असतंस.

फ्रेममधून काढून पानाचा मोठा फोटो केलाय, सोबत पाठवतोय. तुझ्याकडचं ते पितळी बैठकीचं भिंग अजून असेल तर जोड मोज. मला चार दिसतात, नात पाच म्हणते. पाचवा म्हणे त्या भाल्यावरून खाली जातो. मला तो भालाच वाटतो. तू बघून कळव, आणि ऑपरेशनची तारीखही.

वहिनींना नमस्कार, मालूला आशीर्वाद.

तुझा,
बापू